विगिलियाच्या ताटात सुकेळी

२५ डिसेंबरला लंडन थांबतं. भुयारी रेल्वे बंद, बस बंद, दुकानांची शटरं खाली. ज्याला कुठं पोचायचं असतं तो आदल्या दिवशीच पोचतो. पश्चिम लंडनमधल्या ईलिंगमध्ये मात्र सणाचा खरा जीव २४ तारखेच्या संध्याकाळीच असतो. दुपारी चारलाच अंधार पडतो आणि खिडकीशी पोरं उभी राहतात, पहिली चांदणी दिसते का बघायला. ईलिंगमध्ये पोलिश लोकांची मोठी वस्ती आहे, आणि पोलिश माणसाचा नाताळ म्हणजे विगिलिया, चांदणी दिसल्यावर सुरू होणारं उपासाचं जेवण.

माझी धाकटी मावसबहीण ईलिंगला राहते. ती वसईची, घरात सामवेदी बोली बोलणाऱ्या कुपारी ख्रिस्ती कुटुंबातली. नवरा पोलंडच्या आग्नेय भागातला. १ मे २००४ला पोलंड युरोपीय संघात आलं, ब्रिटनमध्ये कामाची दारं उघडली आणि लाखो तरुण इकडे आले, त्यांतला एक. त्यांना दोन मुलं आहेत. गेल्या नाताळात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होते. त्या घरात जे पाहिलं ते वसईच्याच नव्हे, परदेशी नातवंडं असलेल्या कुठल्याही मराठी घराच्या कामाचं आहे, म्हणून लिहिते आहे.

परदेशातल्या मिश्र घरांविषयी आपण वाचतो ते बहुधा दिवाळी आणि ख्रिसमसबद्दल असतं. एकीकडे फराळाचं ताट, दुसरीकडे सजवलेलं झाड, मुलांची चंगळ. इथं तसं नाही. दोघंही कॅथलिक. चर्चमधली तीच मिस्सा, तेच संत, तोच गोठ्यातला बाळ येशू. लग्न ठरलं तेव्हा मावशी निर्धास्त होती, ‘धर्म एकच आहे, आता अडचण कसली?’ अडचण धर्माची नव्हतीच. अडचण होती २४ तारखेच्या रात्री घरात डुकराच्या मटणाचा वास यावा की नाही, याची.

वसईच्या किनारपट्टीवर ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबर आला. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं त्यांचं राज्य होतं. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा ते संपलं. पोर्तुगीज गेले, पण गावागावातली चर्चं राहिली, आणि त्या चर्चांमध्ये प्रार्थना करणारी माणसं मराठीच राहिली. नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास या पट्ट्यातला कुपारी शेतकरी केळीची आणि पानवेलीची बाग करायचा, बायका लाल नऊवारी नेसायच्या. पौष्टिकतेसाठी आणि टिकावासाठी राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करायची रीत आगाशी-वसईकडची, ती आजही चालू आहे. नाताळात तरुण मुलं आळीआळीत गोठे उभारतात, नदी-डोंगर-भाताची खाचरं करून त्यात गव्हाण ठेवतात. घरोघरी नेवऱ्या आणि कुलकुले तळले जातात. मध्यरात्रीची मिस्सा आटोपली की मगच सण सुरू झाला असं मानायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मटणाचं जेवण. सोरपोतेलसारखा डुकराच्या मटणाचा व्हिनेगरातला पदार्थ दोन-तीन दिवस आधी शिजवून ठेवतात, कारण तो मुरल्याशिवाय चवीला लागत नाही.

आता पोलिश बाजू. विगिलियाला बारा पदार्थ करतात, बारा प्रेषितांचे बारा. मांस वर्ज्य. चर्चची त्या दिवसापुरती सक्ती आता राहिलेली नाही, पण पोलिश घरांनी ती रीत सोडलेली नाही. बीटाचं आंबूस, लालभडक बार्श्च सूप, त्यात मशरूम भरलेल्या कानाएवढ्या पुऱ्या. आंबवलेला कोबी. तेलातले हेरिंग मासे. खसखशीचं सारण भरून गुंडाळलेला केक. सुक्या फळांचं कढवलेलं पाणी. आणि बहिणीच्या सासरकडे, पोलंडच्या पूर्व भागात, गहू-खसखस-मधाची कुट्या नावाची खीर. ती खीर मी तोंडात घातली आणि मला कोल्हापूरकडची खपली गव्हाची खीर आठवली. गूळ नाही, वेलची नाही, पण दाताखाली येणारा गहू तोच.

टेबलावर पांढरी चादर, आणि चादरीखाली मूठभर वाळलेलं गवत, गव्हाणीची आठवण म्हणून. एक ताट जास्तीचं मांडलेलं असतं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. जेवणाआधी ओप्वातेक मोडायचा. हा पिठाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, त्यावर येशूजन्माचं चित्र उठवलेलं. प्रत्येकानं प्रत्येकासमोर जायचं, त्याच्या हातातल्या पापुद्र्याचा तुकडा मोडून खायचा आणि त्याचं भलं चिंतायचं. पहिल्या वर्षी बहिणीचा हात पुढं होईना. दिसायला तो थेट मिस्सेत प्रसाद म्हणून मिळणाऱ्या ओस्तीसारखा, आणि वसईत ओस्ती फादरांच्या हातून घ्यायची असते, घरातल्या टेबलावर मोडायची नसते. हा आशीर्वादित असला तरी ओस्ती नव्हे, हे नवऱ्यानं समजावलं. आज ती रीत तिला सगळ्यांत प्रिय आहे. वर्षभरात घरात झालेले रुसवेफुगवे त्या एका तुकड्यासरशी मिटवावे लागतात. समोरासमोर उभं राहून, डोळ्यांत बघून बोलल्याशिवाय सुटका नाही. ही रीत आपल्याकडेही असती तर किती बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

मटणाच्या वासाचा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. सोरपोतेल २५ला हवं तर २२-२३ला शिजवायला हवं, आणि नेमकी तेव्हाच सासूबाई पोलंडहून येतात. मुलांची ती बाबचा, म्हणजे आजी. सगळं घरच तिला बाबचा म्हणतं. एका वर्षी बहिणीनं २४ला सकाळी भांडं गरम करायला गॅसवर ठेवलं. दुपारपर्यंत घरभर वास. बाबचा काही बोलली नाही, पण खोलीतून बाहेरही आली नाही. नवरा मधल्यामध्ये. आता ठरून गेलं आहे : २२ला शिजवायचं, झाकण घट्ट लावून मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ठेवायचं, डिसेंबरातलं लंडन म्हणजे फ्रीजच. मध्यरात्रीची मिस्सा होऊन घरी येईपर्यंत त्या झाकणाला हात लावायचा नाही, मीठ बघायलाही नाही. ‘मीठ कमी पडलं तर पडू दे,’ बहीण म्हणाली. वसईची बाई सोरपोतेलाच्या मिठाबद्दल असं बोलते तेव्हा तिनं केवढं सोडलं आहे हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको.

यातून एक गोष्ट लक्षात आली. हे दोन नाताळ एकमेकांच्या आड येतच नाहीत. एकाचा भर आदल्या संध्याकाळच्या उपासावर, दुसऱ्याचा मध्यरात्रीनंतरच्या जेवणावर. मधे मिस्सा. एक संपला की दुसरा सुरू होतो. शिवाय घड्याळही मदतीला येतं. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. तिकडे साडेसहाला बार्श्चच्या वाट्या रिकाम्या होत असतात तेव्हा वसईत मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. टेबलाच्या कोपऱ्यात पाण्याच्या जगला टेकून फोन उभा असतो आणि त्यात मावशी, मामा, भाचे, मागे चर्चच्या आवारातली रोषणाई. बाबचा हातातला ओप्वातेक फोनसमोर धरते, मावशी तिकडून हात जोडते. दोघींना एकमेकींची एकही भाषा येत नाही.

ताटातली सरमिसळ सुरू झाली ती फळांच्या त्या कढवलेल्या पाण्यापासून. मूळ रीतीत वाळवलेली सफरचंदं, नासपती आणि आलुबुखार असतात, त्यातली काही धुरावलेली, म्हणून त्याला चुलीचा वास असतो. एका वर्षी घरात फळं कमी पडली. मावशीनं सुकेळ्यांचं पाकीट पाठवलेलं होतं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे वसईहून जातं ते एवढंच : सुकेळी, घरचा मसाला, सुके बोंबील. बहिणीनं चार सुकेळी चिरून त्या पातेल्यात टाकली. राजेळी केळं वाळलं की मधासारखं दाट गोड होतं, आणि त्याचा किंचित आंबूस वास त्या धुरावलेल्या फळांशी असा जमला की आता सुकेळी आली नाहीत तर बाबचा विचारते.

कार्प माशाचं तसं नव्हतं. विगिलियाच्या टेबलावर तो लागतोच. युद्धानंतरच्या समाजवादी राजवटीत तळ्यांमधून त्याची पैदास वाढवली गेली आणि तो घरोघरी पोचला. आपले रोहू-कटला त्याच कुळातले. पण वसईच्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो, आणि कार्पला काटेही फार. बहिणीनं दोन वर्षं निमूट गिळला. तिसऱ्या वर्षी तिनं साऊथॉल गाठलं. ईलिंगहून अक्सब्रिज रोडनं २०७ नंबरची बस धरली की साऊथॉल येतं. तिथं उतरलं की ओलं खोबरं, रवा, कोकम, सुरमई, जे मागाल ते मिळतं. तिनं सुरमईच्या तुकड्या हळद-मीठ-मसाला लावून, रव्यात घोळवून तळल्या आणि कार्पच्या शेजारी ठेवल्या. तेरावा पदार्थ. बाराच का नाही, यावर नवरा-बायकोत थोडी बोलाचाली झाली. बाबचानं दोन तुकड्या खाल्ल्या आणि कार्पचंच ताट जरा बाजूला सरकवलं. पुढच्या वर्षीपासून हेरिंगचा एक प्रकार कमी झाला आणि आकडा पुन्हा बारावर आला.

२३च्या रात्री मी स्वयंपाकघरात त्या दोघींच्या मधे बसले होते. बाबचा कोमट पाण्यात मैदा मळून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते. पोळी लाटते, ग्लासाच्या कडेनं गोल पाडते, मधे भिजवलेल्या सुक्या मशरूमचं आणि आंबट कोबीचं सारण, मग अर्धचंद्र दुमडून कडा नुसती चिमटीनं दाबते. ही पिएरोगी, उकळत्या पाण्यात शिजवायची. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीच्या नेवऱ्या. तुपाचं मोहन, सारण खोबरं-गूळ-खसखस-काजूचं, आणि कडेला मुरड. अंगठ्यानं कड आत वळवायची, तिच्यावर पुढची, मग पुढची. बाबचाच्या पातेल्यात एक पिएरोगी फुटली, पाणी गढूळ झालं. बहिणीनं न बोलता पुढची पिएरोगी हातात घेतली आणि तिला नेवरीची मुरड घातली. ती फुटली नाही. बाबचानं चष्मा वर करून ती कड बघितली, बोट फिरवलं, आणि स्वतःचा अंगठा पुढं केला, मला शिकव म्हणून. बहिणीला मोडकंतोडकं पोलिश येतं, बाबचाला इंग्रजी नाही. पण अंगठा कसा वळवायचा हे सांगायला बोलावं लागलंच नाही. उरलेली अख्खी परात मुरडीची झाली. बहिणीनंही त्या रात्री एक घेतलं : नेवरीची कणीक ओल्या फडक्याखाली ठेवायला ती आता विसरत नाही.

दोन संस्कृती एकत्र येतात त्या अशा, हाताला काम असताना. टेबलावर दोन देशांचे झेंडे लावून आणि अर्धे-अर्धे पदार्थ मांडून येत नाहीत. ज्या घरात एकटी सून राबते आणि बाकीचे फोटो काढतात, तिथं कितीही पदार्थ असले तरी मुलांना काही मिळत नाही. या घरातला नऊ वर्षांचा मुलगा मुरड घालतो, त्याची बहीण ग्लासानं गोल पाडते. पिएरोगी कुठली आणि नेवरी कुठली हे त्यांना विचारावंही लागत नाही.

त्या जास्तीच्या ताटावर गेल्या वर्षी विदर्भातला एक विद्यार्थी जेवला. शेजारच्या घरात भाड्यानं राहतो. दुसऱ्या दिवशी बस नाही, मित्र गावोगाव पांगलेले, आणि पोरगा शाकाहारी. नाताळच्या जेवणाला यायला तो बिचकत होता. बारातले मासे वगळले तर बाकी सगळं त्याला चाललं, आणि कुट्या त्यानं दोनदा मागून घेतली. उपासाचा नाताळ असतो हे त्याला नवीन होतं. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना ते नवीनच असेल.

पोलंड आणि महाराष्ट्र यांची गाठ काही या लग्नानं पहिल्यांदा पडलेली नाही. १९४०-४१मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलं. पुढं सुटका झाल्यावर त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी १९४२मध्ये बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण सगळ्यांत मोठी छावणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी बराकींमध्ये चर्च उभारलं, शाळा चालवल्या, नाटकं केली, कोल्हापूरच्या उन्हात आपले नाताळ केले. एका पोलिश तरुणीनं कोल्हापूरच्या मुलाशी लग्न केलं आणि ती कायमची कोल्हापूरकर झाली. छावणी रिकामी झाल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले. आज आपण कापड घ्यायला ज्या गांधीनगरला जातो ते हेच. वळिवड्याचे अनेक पोलिश पुढं ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. त्यांच्या मंडळानं आठवणी, कागदपत्रं, छायाचित्रं गोळा करून एक जाडजूड ग्रंथ काढला, आधी पोलिशमध्ये आणि मग इंग्रजीत. पाच-सहा वर्षांच्या मुक्कामावर एवढा मोठा ग्रंथ.

इथं मला बोचणारी गोष्ट सांगायला हवी. बहिणीच्या घरातल्या दोन परंपरा समान ताकदीच्या नाहीत, आणि त्याला घरातलं कुणी जबाबदार नाही. मुलांच्या वडिलांच्या मागं सगळा समाज उभा आहे. २०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा पोलिश आहे, सुमारे ६ लाख १२ हजार माणसांची. ईलिंगमध्ये पोलिश चर्च आहे, हॅमरस्मिथला पोलिश सांस्कृतिक केंद्र आहे, ग्रंथालयासकट. शनिवारच्या पोलिश शाळांना आधार देणारी संस्था १९५३पासून काम करते आहे. मुलं दर शनिवारी जातात, पोलिशमध्ये कविता म्हणतात, डिसेंबरात क्राकुवच्या धर्तीवर चमकीच्या कागदाची शोप्का करतात. शोप्का म्हणजे आपला नाताळगोठाच, फक्त चर्चच्या मनोऱ्यांसारखा उंच आणि रंगीत. क्राकुवमध्ये त्याची स्पर्धा १९३७पासून होते आणि २०१८मध्ये युनेस्कोनं ती परंपरा आपल्या यादीत घेतली. वसईच्या गोठ्यांच्या स्पर्धांमागे कष्ट आणि कल्पकता कमी नसते. पण त्यांची नोंद कोण ठेवतं?

मुलांच्या आईच्या मागं कोण आहे? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं. ती तिथं गणपतीला जाते, दिवाळीला जाते, तिचं स्वागत होतं. पण मराठी नाताळ असा काही असतो हे तिथं कुणाच्या ध्यानातच येत नाही. गोवेकरांची संख्या ब्रिटनमध्ये मोठी आहे, पण त्यांची प्रार्थना कोंकणी. वसईची माणसं तुरळक. म्हणजे वसईचा नाताळ त्या घरात टिकून आहे तो एका बाईच्या स्मरणशक्तीवर आणि वर्षाला येणाऱ्या एका पार्सलवर. मुलं प्रमाण मराठी समजतात, थोडं बोलतात. सामवेदी त्यांना फक्त आजीच्या फोनवर ऐकू येते.

याच इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात जन्मलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट फादरांनी गोव्यात येऊन मराठी आत्मसात केली आणि येशूच्या जन्माची कथा मराठी ओव्यांत रचली. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला जमलं ते लंडनमध्ये वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना आपण देऊ शकत नाही, हे मला मान्य करवत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिकातून वसईला मराठीशी घट्ट बांधलं, ‘सुबोध बायबल’ दिलं. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळलं की ही माणसं आपलीच आहेत. ग्रंथांचं काम अशा थोरांनी केलं. वसईतल्या काही जिद्दी तरुणांनी बोलीतले शब्द आणि गाणी जमवायलाही सुरुवात केली आहे. पण प्रत्येक घराची मुरड वेगळी असते, मसाल्याचं माप वेगळं, गोठ्यापाशी म्हणायची गाणी वेगळी. ते काम बाहेरून कुणी येऊन करणार नाही.

निघताना बहिणीनं माझ्याकडे साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. ‘आईकडून नेवरीचं सारण तिच्या हातानं करून घे आणि शूट करून पाठव,’ म्हणाली. ‘मूठभर, चिमूटभर असलं सांगू नको. तिची मूठ वजनकाट्यावर ठेव.’ वसईला परतल्यावर मी ते केलं. मावशीची खोबऱ्याची मूठ ५५ ग्रॅमची निघाली. कामाच्या भरात ती नाताळचं एक सामवेदी गाणं गुणगुणत होती, ते आमच्यापैकी कुणालाच पूर्ण येत नव्हतं. तेही त्यात आलं.

हा अंक वसईत, विरारला, उत्तनला, गोराईला जिथं कुठं वाचला जाईल, तिथल्या वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. घरात सत्तरी ओलांडलेली आजी, मावशी, आत्या असेल तर नाताळाच्या तयारीत तिला एकटीला स्वयंपाकघरात सोडू नका. वजनकाटा घ्या, फोन घ्या, तिची मापं लिहा, तिचं गाणं तिच्याच बोलीत भरून ठेवा आणि परदेशातल्या नातवंडांना पाठवा. सोबत सुकेळ्यांचं एक पाकीटही पाठवा. पार्सल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याआधीच टाका, म्हणजे ते २४ तारखेपर्यंत पोचेल.